ऐकणाऱ्याची जागा

“खोली केवढी आहे?” दुकानदाराने विचारलं.

“बेताची,” ती म्हणाली. “सोफा, दोन खुर्च्या आणि पुस्तकांचं कपाट मावतं, एवढी.”

“फरशी उघडी की गालिचा?”

“गालिचा आहे. पडदेही जाड आहेत. बाबांनी मुद्दाम शिवले होते, आवाज घुमू नये म्हणून.”

“शिवले मी,” आई म्हणाली. “सूचना त्यांच्या होत्या.”

दुकानदार हसला. आई हसली नाही. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघावी तशी ती पर्स मांडीवर घेऊन दाराजवळ बसली होती. सकाळपासून तिचं एकच पालुपद चालू होतं, कशाला हवंय ते आता?

बाबा गेल्यावर घराला रंग काढला, तेव्हा रंगाऱ्याची बादली जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर उपडी झाली. स्पीकरचे कागदी पडदे तर आधीच विरले होते. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं आणि मान हलवत पुन्हा लावलं. गालिच्यावर दोन चौकोनी खुणा उरल्या. आई तिथे कुंड्या ठेवणार होती. लेकीने ठेवू दिल्या नाहीत.

“मला तसाच संच हवाय,” ती म्हणाली.

“तसाच म्हणजे? ताकदीचा की गोड?”

तिने पिशवीतून बासरीची तबकडी काढली. “पहिला सूर लागायच्या आधी वादक श्वास घेतो. तो ऐकू आला पाहिजे.”

दुकानदाराने तबकडी उजेडात धरून बघितली. “फार जपलीय.”

बाबांनी जपली होती. छापखान्यात धडधडत्या यंत्रावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. घरी आले की आधी हातांची शाई घासून काढायची आणि मगच तबकडीला हात लावायचा. तिच्या लग्नानंतर रविवार ठरून गेला. फोनवर ते कधी येत नसत. ‘फोनवर काय बोलायचं? रविवारी ये,’ एवढा निरोप आईकडून यायचा. ती आली की ते सुई ठेवायचे आणि विचारायचे, “आला का श्वास?” तिने मान डोलावली की खुर्चीत मागे रेलायचे. मग गाणं संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. एरवीही पाठमोरं बोललेलं त्यांना खपत नसे. माणसाशी बोलताना समोर बघावं, ही शिस्त नातवंडांनाही होती.

हल्ली त्यांचा आवाज तिला नीट आठवेनासा झाला होता. वाक्यं आठवायची, आवाज नाही. निदान ते जे ऐकत होते ते तरी घरात राहावं, एवढंच तिला वाटत होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

दुकानदाराने आधी कमरेएवढे उंच स्पीकर लावले. “हे लावले की शेजारी घर विकायला काढतात,” तो अभिमानाने म्हणाला.

साथीच्या तारा घुमल्या आणि श्वास त्यांत बुडाला.

“नाही,” ती म्हणाली.

दुसरी जोडी छोटी होती, अ‍ॅम्प्लिफायर मात्र जबरदस्त. श्वास आला, पण चिरका.

“दमा आहे का त्याला?” आईने विचारलं.

“आई!”

“अगं, विचारलं नुसतं.”

दुकानदार खुर्च्या सरकवत म्हणाला, “तुम्ही अशा इथे, दोन्हींच्या बरोब्बर मध्ये बसा. ही ऐकणाऱ्याची जागा. तुमचे वडील इथेच बसत असणार.”

“नाही. तिथे ते मला बसवायचे. स्वतः स्पीकरला खेटून, माझ्याकडे तोंड करून.”

“खेटून? तिथे डावं-उजवं काही कळत नाही हो.”

“मीही सांगायचे. ते म्हणायचे, मधली जागा तुझी.”

आईने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

तिसरी जोडी दुकानदाराने आतल्या खोलीतून आणली. मध्यम आकाराच्या लाकडी पेट्या, कोपरे थोडे झिजलेले. सोबत कमी ताकदीचा, जड अ‍ॅम्प्लिफायर. “ह्यांना हल्ली कोणी विचारत नाही,” तो म्हणाला आणि सुई ठेवली.

आधी बारीक खरखर आली. मग कुणीतरी अगदी शेजारी बसून छाती भरून घ्यावी तसा श्वास, आणि त्याच्यामागून सूर.

तिने डोळे मिटले. सूर संपला तरी उघडले नाहीत.

“हेच,” ती म्हणाली. “अगदी हेच. पाठवून द्या.”

“नको,” आई म्हणाली.

“पैसे मी देतेय.”

“पैशाचं कोण बोलतंय? माझं ऐक. नको.”

“तू नेहमी हेच केलंस!” तिचा आवाज चढला. “आम्ही ऐकायला बसलो की तू स्वयंपाकघरात भांडी आपटायचीस. एकदा तरी येऊन बसलीस? बाबा काय ऐकत होते ते तुला कधी कळलंच नाही.”

दुकानदाराने सुई उचलली आणि कसलीशी वायर आणायला तो आत निघून गेला.

आई उठली. पर्स तिथेच ठेवून ती हळूहळू चालत आली, स्पीकरजवळची खुर्ची ओढून लेकीच्या समोर बसली आणि बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

“तुझं लग्न व्हायच्या आधीच छापखान्याने त्यांचे कान नेले होते, बाळा,” ती म्हणाली. “ते गाणं लावायचे ते तुला ऐकताना बघायला.”