घुबडावरचा ओला पंजा

जावयाचं चालणं ओदीलबाईंना अजिबात पसंत नव्हतं. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या बाजारातून चर्चकडे जाताना गास्पार सासूला मागे टाकून, शेजारी एका माणसाची जागा सोडून चालायचा. चर्चच्या भिंतीतल्या, इच्छा पुरवणाऱ्या दगडी घुबडाला डावा हात लावून रोज एकच मागायचा, मेलेली बायको परत येऊ दे.

"जावईबापू, ती जागा पाहुण्यांसाठी राखलीय का? माझी पिशवी कोण धरणार?"

गास्पारने आपल्या पिशवीबरोबर तीही पिशवी घेतली. दोन्ही हात अडकले, म्हणून तो घुबडासमोर नुसताच थांबला.

तरी दगडावर ओला पंजा उमटला. डावा. करंगळी अर्धी, ओदीलबाईंच्या लेकीची होती तशी.

गास्पार हसून शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळला. "चल, घरी जाऊ."

ओदीलबाईंनी वाट अडवली. "तुम्ही एकटेच या, जावईबापू. माझी लेक असली तरी मेलेल्या माणसाला मी दारातही उभं करणार नाही."