पुलापलीकडचं घर

घटस्फोटानंतर लोर्नाने पेनसिल्व्हेनिया सोडून नदीपलीकडे न्यू जर्सीत घर घेतलं, तेव्हा तिची बहीण ग्रेटा चिडली होती. "अगं, पूल ओलांडला की घरपट्टी दुप्पट! आणि तुझा आधीचा नवरा, वर्नन काय, तिथेही वीस मिनिटांत येईल."

वर्नन आला तो रविवारी, ग्रेटा जेवायला आली असताना. दारात उभं राहून त्याने जॅकेट जरासं बाजूला केलं, कमरेचं पिस्तूल दिसेल इतपत. जुन्या घरी तो हेच करायचा आणि पोलीस यायचे, त्याचा पिस्तुलाचा परवाना पाहून निघून जायचे. लोर्नाने दार लावून घेतलं आणि फोन केला.

पोलीस आल्यावर वर्ननने हसत परवाना पुढे केला. "घ्या साहेब. शेरीफची सही आहे."

अधिकाऱ्याने आधी पिस्तूल काढून घेतलं. "हा पेनसिल्व्हेनियाचा. इथे चालत नाही."

"काय बोलता! ड्रायव्हिंग लायसन्स चालतं की!"

"मग नुसती गाडीच आणायची होती," अधिकारी बेड्या घालत म्हणाला.

त्याला घेऊन गेल्यावर ग्रेटाने सुस्कारा सोडला. "नशीब तुझं, घर नेमकं या बाजूला मिळालं."

"नशीब कसलं?" लोर्ना म्हणाली. "घरं मी नंतर पाहिली. आधी त्याचा परवाना कुठे चालत नाही, ती राज्यं पाहिली."