माशी न बसलेला जवळा

जवळ्यावर एकही माशी बसेना, तेव्हाच सयाजीच्या मनात पाल चुकचुकली.

सुक्या मासळीच्या कारखान्याच्या अंगणात ताडपत्र्यांवर कोकणातून आलेला माल पसरला होता. शेजारच्या बोंबलांवर माश्या घोंगावत होत्या आणि हा जवळा मात्र सोवळ्यात बसल्यासारखा! माल तपासून 'पास' किंवा 'बाद' म्हणायचं, हे सयाजीचं काम. त्यानं मूठभर जवळा तळहातावर चोळला. हाताला पांढरट भुकटी लागली. वास घेतला मात्र, त्यानं मूठ झटकून टाकली. हा वास त्याच्या रानातला होता. उसाला हुमणीची कीड लागली की बुडात टाकायची ती विषारी पावडर! माल ओला राहिला असणार, अळी पडू नये म्हणून बंदरावरच्या कुणा दीडशहाण्यानं ती जवळ्यावरच मारली होती.

"भाऊजी, काय एवढं हुंगतायसा?" माल निवडणाऱ्या बायकांतून अंबूबाई ओरडली. ती सयाजीची शेजारीण, त्यामुळं जिभेला लगाम नव्हता. "घरात पोटुशी पोरगी जवळा-जवळा करतीया, आन् बाप जवळ्याच्या ढिगावर बसून कोरडा!"

बायका खिदळल्या. बोलणं खोटं नव्हतं. शैला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला जवळ्याच्या चटणीचे डोहाळे लागले होते. पण तपासणाऱ्याचा हात स्वच्छ पाहिजे, असा सयाजीचा हट्ट. शनिवारी मोडका-तोडका बाद माल बायका पदरात बांधून न्यायच्या, ह्यानं त्यातली चिमूटही कधी घरी नेली नव्हती. बाजारातून आणीन म्हणायचा आणि विसरायचा. सकाळीच शैलानं तोंड फुगवलं होतं.

आज त्याला हसू आलं नाही. तो तडक ऑफिसच्या दाराशी गेला आणि मालकांना खुणेनं बाहेर बोलावलं.

"मालक, हा जवळा भरायचा न्हाय. इख हाय त्यात. हुमणीची पावडर."

बाळासो मालकांचा चेहरा खाडकन उतरला. "अवो, हळू बोला की! आत मुंबईचा पावणा बसलाय. आपला माल दुबईला न्यायचं म्हणतोय. पावडरचं नाव भाईर फुटलं तर कारखान्याला कुलूप लागंल. ह्या बायका कुठं जातील?"

"म्हणून काय भरायचा?"

"धुऊन, पुन्यांदा वाळवून..."

"धुऊन जात न्हाय ते! कुणाच्या तरी लेकरांच्या पोटात जाणार हाय, मालक. भरायचाच आसंल तर मला आजपास्नं घरी बसवा."

बोलून गेला खरा, पण मनात हिशेब सुरू झाला. नोकरी गेली तर शैलाचं बाळंतपण कशावर करायचं?

मालकांनी ऑफिसच्या दाराकडं एक नजर टाकली. मग म्हणाले, "बरं. करा बाद. पर कारण दुसरं सांगा. वाळू लागलीया म्हणा. सोमवारी मी स्वतः खड्डा काढून पुरतो. ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा न्हाय."

"सोमवारी नक्की?"

"आई अंबाबाईची आण."

सयाजीचा जीव भांड्यात पडला. बायकांनी जवळा पोत्यांत भरला, तसं त्यानं तांबड्या रंगानं प्रत्येक पोत्यावर मोठी फुली मारली आणि ऑफिसात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "वाळू लागलीया! समदा जवळा बाद!"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. अंबूबाईनं तोंडाला पदर लावला. आज हिची बडबड बंद कशी, असं सयाजीला क्षणभर वाटलं.

मुंबईचा पावणा मात्र बाहेर येऊन बघतच राहिला. "थोड्या वाळूसाठी सगळा माल बाद? मग आपलं जमलंच म्हणायचं." त्यानं तिथल्या तिथं मालकांच्या हातात हात दिला. मालकांनी सयाजीच्या पाठीवर अशी थाप मारली की टोपी पडायची बाकी राहिली.

"पावण्यांना गावातल्या गोदामातले बोंबील दाखवा," मालक म्हणाले, "आन् तिकडनंच घरी जावा. शनिवार हाय आज."

गोदामातलं काम आटपायला ऊन कलंडलं. सयाजी आज खुशीत होता. नोकरी राहिली, मालकाचं नाव राहिलं आणि इख कुणाच्या ताटात गेलं नाही. आणखी काय पाहिजे माणसाला? आज काही झालं तरी पोरीची हौस भागवायची म्हणून तो बाजारात शिरला. सुक्या मासळीच्या ओळीत ज्या टोपलीवर माश्या जास्त, तिच्यासमोरच जाऊन बसला.

"पावणं, माश्या बघून माल घेणारं गिऱ्हाईक पयल्यांदाच बघतोय!" दुकानदार हसला.

"माशीला कळतं, दादा. आपल्याला कळत न्हाय," सयाजी म्हणाला आणि चांगला दोन मापं जवळा बांधून घेतला.

गल्लीच्या तोंडालाच लसणाच्या फोडणीचा खमंग वास आला. एका घरातून नाही, घराघरातून येत होता. कारखान्यातल्या निम्म्या बायका ह्याच गल्लीत राहायच्या. आज सगळ्यांकडं काय बेत आहे, असं म्हणत त्यानं चपला काढल्या.

आत शैला पाटावर ऐसपैस बसली होती. ताटात भाकरीचा शेवटचा तुकडा तेवढा उरला होता. त्याच तुकड्यानं ताट पुसून तिनं तो तोंडात टाकला आणि बापाच्या हातातली पुडी बघून खुदकन हसली.

"आता आणलासा व्हय, आबा? अंबूकाकूनं कवाच ओंजळभर दिला की! आज पोतीच्या पोती बाद झाली म्हणं, समद्या गल्लीनं वाटून घेतली. नुसती वाळू लागलीया, आसं तुमीच सांगितलंसा न्हवं? मी चार पाण्यानं धुतला."