उजवं फूल

"थोरले सरकार, जरा बाजूला व्हा ना. फोटोत एकटे साहेब पाहिजेत."

चहावाला ख्वाजामियाँ मोबाइल धरून उभा होता. त्यानं हसतच सांगितलं आणि धर्मराजराव हसतच बाजूला झाले. अंबडच्या चौकात त्यांच्या धाकट्या भावाचा, कल्याणरावांचा, सत्कार चालला होता. आधी विमानदलात वैमानिक, मग परदेशात भारताचे राजदूत. आता ते कायमचे घरी आले होते. गळ्यात हार मावत नव्हते. धर्मराजरावांच्या गळ्यात एकच होता, तोही कल्याणरावांनी स्वतःचा काढून घातलेला. तो त्यांना टोचत होता.

संस्थान कधीच गेलं होतं. राजघराण्याची एक रीत तेवढी उरली होती. दर पिढीला एका मुलानं फौजेत जायचं, दुसऱ्यानं घरी राहून देवीची पूजा सांभाळायची. कोणी जायचं, ते देवी ठरवायची. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल लावायचं; उजवं थोरल्याच्या नावाचं, डावं धाकट्याच्या. ज्याचं आधी पडेल, त्यानं निघायचं. या दोघांच्या वेळी आईसाहेबांनी कौल लावला होता. त्या गाभाऱ्यातून बाहेर आल्या तेव्हा ओंजळीत डावं फूल होतं.

विमानाचं वेड मात्र धर्मराजरावांना होतं. आभाळात घरघर ऐकू आली की ते भरल्या ताटावरून उठायचे. पुढं सारा जन्म त्यांनी देवीला न्हाऊ घातलं, दिवा चुकू दिला नाही. तिच्यावर राग धरवेना, म्हणून तो भावावर धरला.

दिवेलागणीला दोघं घरी आले. धर्मराजराव सोवळं नेसून गाभाऱ्यात शिरले. कल्याणराव उंबऱ्याशी थांबले.

"दादा, उद्याची पूजा मी करू?"

हातात वात घेतलेले धर्मराजराव मागं वळले.

"आभाळ घेतलंस, कल्याण. देश पाह्यलेस. आज लोकांनी मला फोटोतून काढलं. आता हिच्यापासून पण हलवून राह्यलास का? मंग माझं काय उरलं?"

"तुझंच होतं सगळं."

"देवीनं तुला निवडलं. मला न्हाई."

कल्याणराव उंबऱ्याबाहेर खाली बसले. लहानपणी प्रसादासाठी बसायचे, तसे.

"त्या दिवशी मी खांबाआड लपलो होतो, दादा. उजवं फूल पडलं होतं. तुझं."

वात निरांजनात ठेवायची राहून गेली.

"आईसाहेबांनी ते उचललं, डोळ्यांना लावलं अन् परत चिकटवलं. मंग डावं आपल्या हातानं काढून घेतलं." कल्याणरावांनी मूर्तीच्या उजव्या खांद्याकडं पाहिलं. "तू माझ्यावर जळत राह्यलास. मी तुझ्यावर. विमान वर चढलं की दर वेळी मला त्यांचं ते बोलणं ऐकू यायचं."

"काय म्हणाल्या आईसाहेब?"

"'माफ कर, माय. धाकटा घेऊन जा. थोरल्याबिगर मी न्हाई जगायची.'"