टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

पाचवा रविवार. बाबांच्या जुन्या मोटरबोटीचं इंजिन दोन मिनिटं धडधडलं आणि पुन्हा बंद पडलं. तळाच्या भेगा बुजवल्या, प्लग बदलले, कार्ब्युरेटर चारदा उघडला. इंजिनची दोरी ओढून माझा खांदा निखळायची वेळ आली. “कार्ब्युरेटरच असणार,” खोक्यावर बसून बाबा म्हणाले. माझं डोकंच फिरलं. दर रविवारी म्हणते तेच मी ओरडले, “एकदाचं हे धूड चालू होऊ दे, पुन्हा इकडे फिरकणार नाही!” पाना आपटला. तो पेट्रोलच्या टाकीशी पडला. उचलायला वाकले, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद. हवा नाही, तर पेट्रोल पुढे सरकणार कसं? सकाळी मीच तो सैल केला होता! वर पाहिलं. बाबा घाईघाईने हात पँटला पुसत होते. “इंजिन चालू झालं तरी येईन मी, बाबा. स्क्रू एवढा आवळू नका, आटे जातील.”