नंदकिशोरांची दाद

सुई तबकडीवर टेकली, तसं नंदकिशोरांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. डोळे त्यांनी पुरते मिटले नव्हते. पापण्यांच्या फटीतून ते शेजारी बसलेल्या डोमाजींच्या हाताकडे बघत होते. डोमाजींची बोटं मांडीवर ताल धरत होती. मधेच ती उचलली गेली आणि जोरात खाली आली. नंदकिशोर लगेच म्हणाले, "वा."

दोन वर्षं त्यांचं हे असंच चाललं होतं. मशीन लावलं की माणसांचं बोलणं समजायचं, पण गाणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाटायचं. मशीन काढलं की तेही नाही. "मशीननं सूर खराब होतो," असं सांगून ते गाणं सुरू होताना ते काढून ठेवत, आणि कोणी जास्त विचारत नसे.

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी पुसदला रत्नप्रभाबाईंच्या घरी बैठक भरायची. माणसं चारच. रत्नप्रभाबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. तबकड्या वाजवायचं यंत्र त्यांचं. शंकरसिंग एसटीचे जुने ड्रायव्हर. डोमाजी महागावकडचे शेतकरी, कपाशीची वेचणी मजुरांवर सोपवून यायचे. आणि नंदकिशोर, तहसील कचेरीतले निवृत्त कारकून, ज्यांच्यामुळे हे सगळं जमलं. बावीस वर्षांपूर्वी डोमाजी सातबाऱ्यासाठी कचेरीत आले होते, तेव्हा नंदकिशोर फायलीवर बोटांनी ठेका धरून गुणगुणत होते. "साहेब, हे कोनतं गानं हाये?" डोमाजींनी विचारलं. सातबारा त्या दिवशी राहिला, दोस्ती झाली.

आज येताना नंदकिशोरांनी आपल्या सगळ्या तबकड्या एका पेटीत भरून रिक्षातून आणल्या होत्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी डोमाजींचा फोन आला होता. शुभेच्छा देऊन झाल्यावर ते म्हणाले होते, "साहेब, तुमी होते म्हनून मले गानं समजाले लागलं. नाहीतं मी नुसता कापूस पाहत मेलो असतो." त्या रात्री नंदकिशोरांनी फराळाचं ताट बाजूला सारलं आणि तबकड्यांची पेटी काढली. ज्याला गाणं शिकवलं, त्याच्याच बोटांवरून आपण चोरून दाद देतो, हे त्यांना सहन होईना.

तबकडी संपली. त्यांनी मशीन कानात घातलं आणि पेटी डोमाजींच्या पुढ्यात सरकवली.

"ही तुमच्याकडे ठेवा. पुढच्या दिवाळीपासून मी येणार नाही."

"काहून?" डोमाजींनी विचारलं.

"मला गाणं ऐकू येत नाही, डोमाजी. दोन वर्षं झाली. मी इथे बसून तुम्हा सगळ्यांना फसवतोय."

बोलून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली. आता कोणीतरी हळहळेल, कोणीतरी डॉक्टरचं नाव सुचवेल, याची ते वाट बघत राहिले. तसं काहीच झालं नाही. रत्नप्रभाबाई चिवड्याच्या ताटल्या भरत होत्या, त्या भरतच राहिल्या. शंकरसिंगांनी चिवड्यातला शेंगदाणा निवडून तोंडात टाकला.

"आमाले माहीत हाये," डोमाजी म्हणाले.

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून. पहिली तबकडी लावली, तवा स्पीकरची वायर जोडाची राहून गेलती. आवाजच नाही. नुसती सुईची खरखर. मी उठनार, तं तुमी डोये मिटून मान हालवाले लागले."

नंदकिशोरांचा चेहरा उतरला. "मग मला थांबवायचं ना."

"कसं थांबवनार? तुमी एवढे खुश होते. अन् तुमी माह्या हाताकडं पाहून राह्यले, हे मले समजलं. मंग मी बी बोटं हालवत बसलो. गानं पाठ होतं, म्हनून निभलं. साडेतीन मिनिटं साहेब, हात दुखून आला."

"आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही माना डोलवल्या," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मला तर हसू आवरेना. पदर तोंडाला लावून बसले. तुम्हाला वाटलं, मी गहिवरले. तुम्ही मला पाण्याचा पेला आणून दिलात." त्यांनी चिवड्याची ताटली त्यांच्या हातात ठेवली. "ही तबकडी कुठे मिळाली, कोणी दिली, ते तुम्ही सांगता आणि मग ती वाजते. या घरात दुसऱ्या कोणाला ते सांगता येतं? पेटी उचला."

डोमाजींनी पेटी पायानेच परत नंदकिशोरांकडे ढकलली.

नंदकिशोरांनी ताटली पेटीवर ठेवली. त्यांना गेल्या वर्षीची ती दुपार आठवत होती. ती पहिली तबकडी थांबल्यावर शंकरसिंग उभे राहिले होते, हात वर करून काहीतरी ओरडले होते आणि त्यांच्या ओठांवरून नंदकिशोरांनी ते ओळखलं होतं. वर्षभर त्यांनी ती आठवण जपली होती. आपण निवडलेली तबकडी एवढी रंगली, याचा त्यांना अभिमान वाटत आला होता.

"पण शंकरसिंग," ते हळूच म्हणाले, "तुम्ही तर त्या तबकडीला वन्स मोअर दिला होता."

शंकरसिंगांनी दुसरा शेंगदाणा उचलला.

"मंग काय करू साहेब? तुमचं आयकून झालं होतं. आमचं राह्यलं होतं ना."