आधीची गोष्ट

“यानाची बोबडी वळली काय रे?” मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि अख्खं थिएटर हसलं.

पुढे बसलेल्या बाईही हसल्या. मग आपण हसलो याचंच त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी ओठ मिटून घेतले. पडद्यावरचं अंतराळयान प्रवाशांना पट्टे बांधायला सांगत होतं. आवाज एका तरुण मुलीचा होता आणि तो शब्दाशब्दाला अडखळत होता.

जुन्या मालिकेतल्या यानाचा आवाज या बाईंचा होता. पडद्यावर त्यांचा चेहरा कधी आला नाही, पण तो आवाज लागला की दंगा करणारी पोरंही गप्प व्हायची. लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘यानमावशी’. आता त्या मालिकेच्या आधीची गोष्ट सांगणारी नवी मालिका आली होती. तिचा पहिला भाग चाहत्यांना थिएटरात दाखवत होते. बाईंना आमंत्रण नव्हतं. तिकीट काढून त्या आल्या होत्या.

घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला होता. उरली होती ती नुसती कुजबुज. कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांच्याशी बोलताना स्वतःही कुजबुजायचा, जशी काही दोघांची खलबतंच चालली आहेत. फोनवर तर पलीकडची माणसं ‘हॅलो, हॅलो’ करून थकायची आणि ठेवून द्यायची. हळूहळू फोन यायचेच बंद झाले. घरात बोलायला कोण आहे, मग आवाज असला काय नि नसला काय, अशी त्या स्वतःची समजूत घालायच्या.

भाग संपला. बाहेरच्या दालनात कॉफीच्या टेबलाभोवती ही गर्दी झाली. एक वार्ताहर मुलगी माइक घेऊन प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घेत होती.

“चित्रण झकास आहे, पण यानमावशीची सर नाही,” एक टकले गृहस्थ म्हणाले.

“तो आवाज ऐकला की वाटायचं, आता काही होत नाही आपल्याला,” त्यांची बायको म्हणाली. “ही पोरगी तर स्वतःच घाबरलेली.”

बाईंच्या जिवाला गार वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांच्याविषयी बोलत होतं. त्या आणखी जवळ सरकल्या.

“मग त्यांनाच का नाही घेतलं?”

“त्या गेल्या ना! कधीच गेल्या. मी वाचलंय कुठेतरी.”

“अरेरे.”

तेवढ्यात माइक बाईंच्या पुढ्यात आला. “काकू, तुमची प्रतिक्रिया?”

“मी आहे अजून,” बाई म्हणाल्या.

“जरा मोठ्यानं, काकू.”

बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. घशातून वारा तेवढा निघाला. वार्ताहर मुलगी ओशाळून हसली, मान डोलावली आणि माइक दुसरीकडे नेला.

बाई पर्स छातीशी धरून स्वच्छतागृहात शिरल्या. तिथे बेसिनपाशी एक मुलगी फोनवर बोलत होती. तोंड धुतलेलं, डोळे लाल. “आई, तू काही वाचू नकोस. लोक काय वाटेल ते लिहितायत. ठेव आता, येतेच मी.” तिनं फोन ठेवला.

चार शब्दांतच बाईंना कळलं. हाच तो आवाज.

निमूटपणे हात धुऊन निघून जाता आलं असतं. बाहेर सगळे त्यांच्याच बाजूचे होते. नळ बंद करून बाई दारापर्यंत गेल्यासुद्धा. मग मागे वळल्या.

“मी यानमावशी,” त्या कुजबुजल्या.

मुलीनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं. “थट्टा करताय का माझी? त्या तर...”

बाईंनी डोळे मिटले आणि जुन्या मालिकेतलं वाक्य म्हटलं. “दार बंद झालंय. बाहेर काळोख आहे. आत आपण सगळे आहोत.” आवाज नव्हता. होते फक्त श्वास, आणि शब्दांच्या मधल्या जागा. पण त्या जागा मुलीला तोंडपाठ होत्या. निवड झाल्यापासून ती त्याच घोटत आली होती. तिचा हात तोंडावर गेला.

“तुम्ही आहात?” ती म्हणाली आणि तिला पुन्हा रडू आलं. “माफ करा हं. मी सगळं बिघडवलं.”

“वेडी की काय! तुझं यान नवं कोरं आहे. पहिल्यांदाच माणसं घेऊन निघालंय. ते चाचरणारच. मी ऐकत होते ना, मला खरं वाटलं ते.”

“पण लोकांना तुमच्यासारखं हवंय. शांत.”

“लोकांचं काय, ऐकतील आणि रुळतील.”

मुलीनं नाक पुसलं. मग अगदी जवळ येऊन, शिकवणीला आल्यासारखं विचारलं, “मावशी, खरं सांगा. तो शांतपणा तुम्ही आणलात कुठून?”

मुलाखतींतून हा प्रश्न बाईंना सतत विचारला गेला होता. ‘रियाज’ एवढं एकच उत्तर त्या द्यायच्या. आताही ते ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

“शांत कुठली गं मी? हे नुकतेच गेले होते. माइकसमोर हुंदका फुटू नये म्हणून एकेक शब्द जपून टाकत होते.”